गेलं किती, राहिलं किती

जुन्नर-आंबेगावात कुठल्याही गावी जा. पारावर, पतसंस्थेच्या पायरीवर किंवा बाजार समितीबाहेरच्या चहाच्या टपरीवर एक माणूस हमखास भेटतो. तो तुमच्याशी बोलत असतो, पण त्याचा अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरत असतो. नवख्याला वाटतं, भाविक मनुष्य दिसतोय, नामस्मरण चाललंय. ओझरचं दर्शन घेऊन आलेले पाहुणे तर त्याला वाकून नमस्कारही करतात. तो नमस्कार घेतो. प्रत्यक्षात तो सकाळपासून नारायणगावच्या बाजाराकडे गेलेल्या टोमॅटोच्या पिकअप मोजत असतो.

आमच्या गावात या माणसाला नाना म्हणतात. तुमच्याकडे तात्या, अण्णा किंवा आबा असतील. नाव वेगळं, अंगठा तोच.

नानांची उभी नोकरी साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर गेली. भरलेली गाडी किती, रिकामी किती, वजाबाकी किती, हे त्यांनी इतकी वर्षं लिहिलं की निवृत्तीनंतर वही सुटली तरी वजाबाकी सुटली नाही. लग्नात नाना मांडवात शिरले की आधी नवरानवरी बघत नाहीत, आचाऱ्याच्या मागे ठेवलेली जिलबीची पातेली बघतात. मग माझ्या कानाला लागतात, "गुरुजी, ह्याच पंगतीला बसून घ्या. आत दीड पातेलं राहिलंय आणि बाहेर तीन पंगती उभ्या हायेत." मी संकोचाने मागे राहतो. तिसऱ्या पंगतीला जिलबीच्या जागी बुंदी येते. नाना लांबूनच माझ्याकडे बघून मान हलवतात.

त्यांचं जगण्याचं सगळं सूत्र एका वाक्यात आहे: गेलं किती, राहिलं किती? धरणातल्या पाण्याबद्दल, गॅसच्या टाकीबद्दल, सरपंचाच्या मुदतीबद्दल, एवढंच काय, गावातल्या समवयस्क मंडळींबद्दलही ते हाच प्रश्न विचारतात. शेवटच्या बाबतीत लोकांना तो जरा लागतो.

पत्त्यांत मात्र नानांचा हा गुण फुलून येतो. गणपतीच्या जागरणाला आमच्याकडे मेंढीकोट बसतो. चौघे भिडू, दोघा-दोघांची जोडी, आणि चार दश्शा पकडायची मारामारी. बाकीचे तिघे खेळतात, नाना हजेरी घेतात. किलवर नऊ गेली, चार राहिली. एक्का माझ्याकडं, म्हणजे राजा, राणी आणि पंजी ह्यांच्यात. हे ते मनातल्या मनात म्हणतात, पण ओठ हलतात. आताशा त्यांच्याबरोबर बसणारे लोक स्वतःच्या पानांकडे कमी आणि नानांच्या ओठांकडे जास्त बघून खेळतात. डाव संपल्यावर दुसरा डाव सुरू होतो, तो पंचनाम्याचा. "तिसऱ्या हाताला तुम्ही बदामाची राणी का टाकली?" तिसरा हात कुणालाच आठवत नसतो. नानांना मागच्या गणपतीतला आठवत असतो.

अशा माणसाच्या हाती ब्लॅकजॅक पडायला नको होतं. पण हिंजवडीच्या कंपनीतला पुतण्या दिवाळीला आला आणि त्याने सहज म्हणून मोबाइलवर दाखवलं, की अमेरिकेत लोक पानं मोजून कॅसिनोला हरवतात. नाना दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी पारावर आले ते थेट एडवर्ड थॉर्प यांच्यापासून सुरू झाले.

"गणिताचे प्राध्यापक. एमआयटीत आयबीएम ७०४ नावाचा मोठा संगणक होता, त्याच्यावर त्यांनी सगळा हिशेब घातला. १९६१ ला निबंध छापला, १९६२ ला पुस्तक काढलं, 'बीट द डीलर'. कॅसिनोवाल्यांची झोप उडाली."

"थोरात? आपल्याकडचेच का?" एकाने विचारलं.

"थॉर्प!" नाना ओरडले. पण तेव्हापासून गावात तो विषय थोरात सरांचा म्हणूनच निघतो.

डाव तसा सोपा आहे, हे मला नानांनी चहाच्या टपरीवर बिस्किटं मांडून समजावलं. एकवीसचा डाव. चित्रं दहाची, एक्का एकचा नाहीतर अकराचा. एकवीसच्या वर गेलात की बाद. समोर वाटणारा असतो, पण त्याला अक्कल वापरायची परवानगी नाही. सोळापर्यंत त्याने पान ओढायचंच, सतरा झाले की थांबायचंच. आता कॅटात मोठी पानं जास्त उरली असतील, तर बारा-सोळात अडकलेला वाटणारा पुढचं पान ओढतो आणि उडतो. शिवाय आपल्याला पहिल्या दोन पानांतच एक्का आणि दहाचं पान आलं, तर चांगल्या टेबलावर दीडपट मिळतात. तेच वाटणाऱ्याला आलं तर आपलं फक्त लावलेलं जातं. म्हणजे मोठी पानं उरली की पारडं आपलं, लहान उरली की त्याचं.

"मग कुठली उरली हे कसं कळणार?"

नानांच्या चेहऱ्यावर कृतार्थ भाव आला. आयुष्यभर ज्या प्रश्नाची वाट बघितली तो कुणीतरी विचारला होता.

"गेलं किती, त्याच्यावरून. दुर्री ते छक्की, ह्यातलं पान गेलं की अधिक एक. सत्ती, अठ्ठी, नव्वी गेली तर शून्य. दश्शी, चित्र, एक्का गेला की उणे एक. लहान वीस, मोठी वीस, मधली बारा. कॅट संपला की बेरीज शून्य. नाही आली तर मोजणारा चुकला." हार्वे डब्नर यांनी १९६३ मध्ये मांडलेली ही पद्धत 'हाय-लो' म्हणून ओळखली जाते. पुतण्याला ती पाठ करायला आठवडा लागला होता. नानांना बिस्किटं संपेपर्यंतचा वेळ पुरला.

मग सराव सुरू झाला. संध्याकाळी त्यांच्या ओट्यावर गेलं की दिसायचं ते असं. काकू मेथी निवडत बसलेल्या. मांडीवर जुडी, शेजारी कॅट. चार काड्या निवडून झाल्या की त्या मेथीच्या हाताने एक पान उलटायच्या, आणि नानांचा अंगठा एक पेर पुढे नाहीतर मागे सरकायचा. अधिकसाठी उजवा हात, उण्यासाठी डावा. पानांना मेथीचा हिरवा वास लागलेला. मुरलेले मोजणारे बावन्न पानं अर्ध्या मिनिटात मोजतात. काकूंच्या मेथीमुळे नानांना जुडीमागे एक कॅट मिळायचा.

परीक्षेची रीत अशी, की सुरुवातीला काकूंनी एक पान न दाखवता बाजूला ठेवायचं आणि उरलेली एकावन्न मोजून नानांनी ते ओळखायचं. शेवटी अधिक एक उरलं तर लपवलेलं पान मोठं, उणे एक उरलं तर लहान, शून्य आलं तर मधलं. एकदा माझ्यादेखत शून्य आलं. नाना ऐटीत म्हणाले, "सत्ती, अठ्ठी नाहीतर नव्वी." काकूंनी पोळपाट उचलला. खाली दोन पानं होती: चौकटची दुर्री आणि इस्पिकचा राजा. अधिक एक, उणे एक, शून्य.

"एकच पान ठेवायचं ठरलंय ना?" नाना चिडले.

"बाजारात कोण एकच लपवतंय?" काकू म्हणाल्या आणि मेथी घेऊन आत गेल्या.

त्या वाक्याचा अर्थ मला पुढे कळला. तेव्हा मी नानांची समजूत काढत बसलो.

मोजणं हा निम्मा भाग झाला. खरी मेख पुढे आहे. कॅसिनोत सहा-आठ कॅट एकत्र पिसून पेटीत घालतात. म्हणून हातातली बेरीज तशीच धरायची नाही, किती कॅट उरले त्याने तिला भागायचं. अधिक सहा आलेत आणि तीन कॅट उरलेत, तर खरा आकडा दोन. मग त्या आकड्याप्रमाणे पैसे लावायचे. एक किंवा त्याखाली असेल तर कमीत कमी, एकच चिप. दोनला दोन, तीनला चार, चारला आठ. एकाला आठ हा झाला पैशाचा पसारा. ह्याला नानांचे शब्द आहेत: पारडं त्याचं असेल तेव्हा हात आखडता, आपलं असेल तेव्हा हात सैल. बेल लॅबचे जॉन केली यांनी १९५६ मध्ये ह्याचंच सूत्र मांडलं, की फायदा जेवढा आपल्या बाजूला, त्याच्या प्रमाणात गंगाजळीतला हिस्सा लावायचा. नाना ते सांगतात तेव्हा पतसंस्थेच्या वार्षिक सभेत अहवाल वाचावा तसा आवाज काढतात.

"आणि एवढं करून सुटतं किती?" मी विचारलं.

"नुसतं शहाणपणानं खेळलं तर शंभर रुपयांमागं कॅसिनो आठ आणे पुढं. मोजून, पसारा नीट ठेवून खेळलं तर आपण साधारण रुपयानं पुढं."

"शंभराला रुपया?"

"गुरुजी, टोमॅटोत तुम्हाला कुणी शंभराला रुपया तरी लिहून देतंय का?"

या शास्त्राची नानांनी इतकी भक्ती केली की इतर जुगारांबद्दल त्यांना सोवळं पाळावंसं वाटू लागलं. मटक्याचं नाव काढलं की ते नाक मुरडतात. थॉर्प यांचं पुस्तक आलं त्याच १९६२ मध्ये मुंबईत कल्याणजी भगत यांनी वरळीचा मटका सुरू केला, ही गोष्ट त्यांना फार लागते. "तिकडं लोक पानं मोजायला शिकले, आणि आपण त्याच साली आकडा लावायला. मटक्यात मोजायला काय हाय? कालचा आकडा उद्याच्याला ओळखतसुद्धा नाही." मोबाइलवरच्या पैशाच्या रमीकडेही त्यांनी कधी पाहिलं नाही. पिसणारा दिसत नाही तिथे बसायचं नाही, हा त्यांचा नियम. २०२५ च्या ऑगस्टमध्ये केंद्राने पैशाच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला, तेव्हा पारावरच्या दोन-तीन पोरांचे चेहरे पडले आणि नानांनी चहा पाजला.

साध्या रमीला मात्र त्यांचा मान आहे. काकूंनी पत्त्यांवरून तोंड सोडलं की नाना सर्वोच्च न्यायालय काढतात. १९६७ च्या निकालात न्यायालयाने रमीला मुख्यतः कौशल्याचा खेळ म्हटलं आणि त्याचं एक कारण दिलं, की पडलेली पानं लक्षात ठेवावी लागतात. "ऐकलं का? पडलेली पानं लक्षात ठेवणं. न्यायमूर्तींनी लिहिलंय." काकू म्हणतात, "न्यायमूर्तींना सांगा, चार दिवसांपूर्वी आणायला सांगितलेलं मीठ पण लक्षात ठेवायला सांगा ह्यांना."

मग ते गोव्याचं प्रकरण झालं. कांद्याचे पैसे बरे आले होते, गावातल्या पोरांनी गाडी ठरवली आणि हौसेने नानांना घेतलं. मीही होतो. वाटेत नानांनी आम्हाला कायदा ऐकवला. महाराष्ट्रानेही १९७६ मध्ये कॅसिनोचा कायदा केला होता, पण तो कधी अमलात आलाच नाही, आणि २०२३ मध्ये रद्द झाला. "सत्तेचाळीस वर्षं पान वाटून उलटंच ठेवलं, आणि शेवटी न बघता परत कॅटात घातलं." गोव्याचा जुगाराचा कायदाही १९७६ चाच. तिथे टेबलावरच्या पत्त्यांना परवानगी आहे, पण पाण्यावरच्या बोटींत. म्हणून पणजीला मांडवीत त्या दिव्यांनी लखलखलेल्या बोटी उभ्या असतात आणि धक्क्यावरून छोट्या होडीने तिथे जावं लागतं. होडीत बसल्याबरोबर नानांनी जॅकेटं मोजली, मग माणसं मोजली, आणि मगच टेकले.

आत पहिल्याच टेबलापाशी नानांना धक्का बसला. तिथे पानं पिसायचं यंत्र होतं. डाव झाला की वापरलेली पानं लगेच यंत्रात परत, आणि पुढची पानं त्यातूनच. म्हणजे गेलेलं काहीच नाही, सगळं कायम राहिलेलंच. नानांचा अंगठा पहिल्या पेरावर थिजून राहिला. "ही फसवणूक हाय," ते मला म्हणाले. मी म्हटलं, "त्यांनी तुमच्यासारख्यांसाठीच आणलंय हे." त्यावर मात्र ते जरा सुखावले.

दुसऱ्या टेबलावर पेटीतून पानं वाटत होते. नाना पाठीमागे उभे राहिले, टोपी घडी करून खिशात, हात मागे, दोन्ही अंगठे चालू. मागे उभं राहून मोजायचं आणि आकडा चढला की बसायचं, ही कसलेल्या मोजणाऱ्यांचीही रीत आहे. तासाभरात आकडा चढू लागला. दोन झाले, तीन झाले. नानांच्या कपाळावर घाम आला.

"नाना, बसा आता."

"अजून एक हात बघू."

चार झाले. आठ चिपांचा आकडा. नाना बसले. खिशातून चिपा काढल्या, आठ मोजल्या, सात परत खिशात घातल्या आणि एक पुढे सरकवली.

एक्का आला. त्यावर बदामाचा राजा.

टेबलावरच्या अनोळखी माणसांनी टाळ्या वाजवल्या. वाटणाऱ्याने दीड चिपेचा हिशेब नानांसमोर ठेवला, आणि तेवढ्यात पिवळं कापायचं पान बाहेर आलं. पेटी संपली, पानं परत पिसायला गेली. नाना उठले ते विजयी मुद्रेने. "पद्धत बरोबर आली!" आठ लावले असते तर बारा आले असते, हे त्यांना मी सांगायची गरज नव्हती. ते त्यांनी माझ्या आधी मोजलं होतं.

मोजणं हा गुन्हा नाही, पण कॅसिनोवाले मोजणाऱ्याला ओळखतात ते त्याच्या पैशाच्या उड्यांवरून: आत्ता एक लावणारा एकदम आठ लावतो, म्हणजे ह्याला काहीतरी कळलंय. केन अस्टन नावाच्या खेळाडूला असंच बाहेर काढलं, तो कोर्टात गेला, आणि १९८२ मध्ये न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की मोजतो एवढ्यावरून कॅसिनोला त्याला स्वतःच्या अधिकारात हाकलता येणार नाही. नानांना ही लढाई मुखोद्गत आहे. पण त्यांच्यावर तशी वेळ येणं शक्य नाही. जगातल्या कुठल्याही कॅमेऱ्याला नाना सापडणार नाहीत. त्यांना सगळं कळतं आणि ते एकच लावतात.

पोरं तोवर रुलेटच्या चाकापाशी उभी होती. सात वेळा लाल आलं, आता काळं यायलाच पाहिजे, म्हणून दामदुप्पट करत निघाली होती. नानांनी तिथे जाऊन १९१३ सालच्या ऑगस्टमधली मॉन्टे कार्लोची गोष्ट सांगितली. लागोपाठ सव्वीस वेळा काळं आलं होतं आणि 'आता लाल यायलाच पाहिजे' म्हणणारे सगळे धुतले गेले. "चाकाला मागचं आठवत नाही बाळांनो. कॅटाला आठवतं. गेलेलं पान पिसल्याशिवाय परत येत नाही." पोरांनी ऐकलं आणि काळ्यावर लावलं. लाल आलं.

जेवण तिकिटात धरलेलं होतं. नानांनी ताटात काय घेतलं, बाहेर त्याचे किती पडले असते, हे एका कागदी रुमालावर मांडलं आणि आमच्या अख्ख्या गाडीत फायद्यात परत आलेला एकमेव माणूस आपण आहोत, हे घाट चढेपर्यंत तीनदा सिद्ध केलं.

आता टोमॅटोचं. कारण ब्लॅकजॅक ही नानांची हौस असली तरी त्यांची खरी पेटी नारायणगावला आहे. आमच्याकडे लोक मांडव, तार-बांबू, ठिबक, मल्चिंग, औषधं धरून एकरी लाखाच्या वर सहज घालतात आणि भाव काय येईल हे देवाला विचारतात. नाना देवाला विचारत नाहीत, रोपवाटिकेला विचारतात. टोमॅटोचं रोप ट्रेत महिनाभर असतं, लागवडीनंतर दोन-सव्वादोन महिन्यांनी पहिला तोडा. म्हणजे आज किती रोपं गेली हे कळलं, तर सव्वादोन महिन्यांनी बाजारात काय येणार ह्याचा अंदाज बांधता येतो. म्हणून नाना मोटारसायकल काढतात आणि पार मंचर, कळंबपर्यंतच्या रोपवाटिका फिरून येतात. "किती ट्रे गेले? मागच्या साली ह्या टायमाला किती?" पिंपळगाव बसवंतला मेव्हणा आहे, त्याला फोन. कोलारचं पान मात्र त्यांना दिसत नाही, मदनपल्लीचंही नाही, पावसाचं तर नाहीच. पेटीतली सगळी पानं काही वाटून होत नाहीत, हे ते मान्य करतात.

२०२३ च्या उन्हाळ्यात भाव इतका पडला होता, की तोडायची मजुरीसुद्धा सुटत नव्हती. लोकांनी उभे प्लॉट सोडून दिले. नवं लावायला कोणी तयार नव्हतं. नाना रोज संध्याकाळी जेवताना आकडे मांडायचे: अमक्याकडे निम्मे ट्रे पडून, तमक्याने पेरणीच कमी केली. "अगं, आकडा चढलाय. माझ्या हयातीत इतका चढलेला बघितला नाही." पारावरही त्यांनी हे सगळ्यांना सांगितलं. हात सैल सोडायची वेळ आलीय म्हणाले. आणि स्वतःच्या शेतात त्यांनी आठ गुंठे लावले.

जुलैत नारायणगावच्या बाजारात वीस किलोच्या क्रेटला दोन हजारांच्या पुढे भाव गेला. पाचघरच्या एका शेतकऱ्याच्या कोटीच्या कमाईची बातमी देशभर गेली. टोमॅटोच्या प्लॉटवर लोक रात्री राखणीला बसले. नाना आपल्या आठ गुंठ्यांकडे बघत उभे राहायचे आणि आम्ही त्यांना काही विचारायचं टाळत होतो.

मग कळलं, की ओढ्यापलीकडचा एक एकराचा प्लॉट, ज्याच्यावरून नाना महिनाभर हळहळत होते की कुणीतरी शहाण्यानं ऐन वेळेला लावला, तो काकूंचा आहे. त्यांनी बचत गटातून कर्ज काढलं, शेजारणीची जमीन खंडाने घेतली, मुलाला हाताशी धरला आणि एप्रिलअखेर रोपं लावून मोकळ्या झाल्या. नानांना सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर नाना म्हणाले असते, अजून एक आठवडा बघू.

नाना दोन दिवस रुसले. पैसे मोजायची वेळ आली तेव्हा रुसवा गेला. मोजायला त्यांच्याशिवाय कोण होतं? त्यानंतर पुतण्याने त्यांना आणखी एक माहिती दिली आणि त्यांचा जीव भांड्यात पडला. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला अल फ्रान्सेस्को नावाच्या खेळाडूने जोडीने खेळायची युक्ती काढली होती. एकाने टेबलावर बसून लहान-लहान लावत गुपचूप मोजत राहायचं. आकडा चढला की खूण करायची. मग दुसरा, मोठा खेळाडू, जणू आत्ताच फिरत फिरत आला अशा थाटात यायचा आणि एकदम मोठी रक्कम लावायचा. मोजणारा उडी मारत नाही, उडी मारणारा मोजत नाही, त्यामुळे कुणाला संशयच येत नाही.

नाना ही बातमी घेऊन माझ्यासमोरच काकूंकडे गेले. "बघ, आपण तेच केलं. मी मोजणारा, तू मोठी खेळाडू. जगन्मान्य पद्धत हाय."

काकू भाकरी थापत होत्या. "मग त्या मोजणाऱ्याला वाटा किती मिळायचा?"

"असेल काहीतरी ठरलेला."

"दोन वेळचं जेवण धरून का सोडून?"

नाना ह्याचं उत्तर शोधत अजून पुतण्याला फोन करत असतात.

पण जोडी जमली हे खरं. आता हंगामाच्या तोंडाला काकू स्वतःहून डबा बांधून देतात आणि नानांना फेरीला धाडतात. नाना पूर्वीपेक्षा दुप्पट उत्साहाने ट्रे मोजतात, संध्याकाळी ताटावर आकडा सांगतात, आणि वर "घाई नको, अजून आठवडाभर बघू" हेही सांगतात. काकू "बरं" म्हणतात.

परवा मी नानांच्या मागे मोटारसायकलवर बसून मंचरच्या बाजूला गेलो होतो. रोपवाटिकेच्या दारातच त्यांनी अंगठा पहिल्या पेरावर ठेवला आणि विचारलं, "बोला, गेलं किती, राहिलं किती?"

रोपवाटिकेवाल्याने वही उघडली आणि जरा घुटमळला. "नाना, काल काकू येऊन सहा हजार रोपं बुक करून गेल्या. ती धरून सांगू, का सोडून?"

नाना क्षणभर माझ्याकडे बघत राहिले. मग अंगठा पुढच्या पेरावर गेला.

"धरूनच सांग," ते म्हणाले. "मोजणी ती मोजणी."